मुक्काम कुठे?

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीतला एक तरुण सकाळीच दारात आला. हातात चार पानांचा छापील तक्ता. "काका, सप्टेंबरात लेहला निघतोय. घरचीच गाडी, आई-बाबा बरोबर. तुम्ही जाऊन आलात ना, जरा नजर टाका."

तक्ता मेहनतीने केलेला होता. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, तास, हॉटेल, जेवणाची जागा, डिझेलचा खर्च असे सात रकाने. तिसऱ्या रात्री मनाली, चौथ्या रात्री सरचू, पाचव्या संध्याकाळी लेह. मी पेन घेतलं, उजव्या कडेला पट्टीने आठवा रकाना आखला आणि वर लिहिलं: झोपायची उंची.

मनालीसमोर 2,050 मीटर लिहिलं. सरचूसमोर 4,290. लेहसमोर 3,500. तो आकड्यांकडे बघत राहिला. बाबा बासष्ट वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. हे त्याने आकडे पाहिल्यावर सांगितलं, आधी नाही.

लेहचे बेत सगळीकडे असेच आखले जातात. गाडीची सर्व्हिसिंग होते, टायर बदलले जातात, काचेवर मागे स्टिकर लागतो. रात्री कुठल्या उंचीवर पाठ टेकायची, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. त्या रस्त्यावर माणसं आजारी पडतात ती याच एका प्रश्नाकडे पाठ फिरवल्यामुळे.

आपल्याला घाट नवे नाहीत, तिथूनच घोळ सुरू होतो. खंबाटकी, वरंधा, ताम्हिणी, आंबोली यांतून गाडी काढलेल्या माणसाला वाटतं, वळणंच तर घ्यायची आहेत. पण आपला घाट एकदा चढला की संपला. कोकणातून देशावर आलो, सपाटी लागली, चहा घेतला. लडाखी भाषेत खिंडीला ‘ला’ म्हणतात आणि मनालीहून लेहला जाताना बारालाचा ला, नकी ला, लाचुंग ला, टांगलांग ला अशा एकामागून एक खिंडी पार कराव्या लागतात. त्यांतली सर्वांत बुटकी खिंडही साडेचार हजार मीटरच्या वर आहे. टांगलांग ला तर 5,300 मीटरच्या घरात. आपल्या महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे मनालीच्या बाजारात नुसता उभा असलेला माणूसही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर वर असतो. सह्याद्रीत कमावलेला हात स्टिअरिंगला उपयोगी पडेल, फुप्फुसाला नाही.

3 ऑक्टोबर 2020 रोजी अटल बोगद्याचं उद्घाटन झालं. 9.02 किलोमीटर लांबीच्या या बोगद्याने मनाली–लेह अंतर 46 किलोमीटरनी कमी केलं. बर्फामुळे महिनोन्‌महिने जगापासून तुटणाऱ्या लाहौलच्या माणसाला हिवाळ्यात दवाखाना गाठता येऊ लागला, याचं मोल कशानेच करता येणार नाही. पर्यटकाचं मात्र यात एक नुकसान झालं, ते त्याला कोणी सांगितलं नाही. पूर्वी बोगद्याऐवजी रोहतांग खिंड ओलांडावी लागायची, तिथल्या चिखलात आणि गर्दीत अर्धा दिवस जायचा, त्यामुळे केलाँग किंवा जिस्पाला मुक्काम आपसूक पडायचा. 3,100–3,200 मीटरवरची ती रात्र शरीराला सावरायला मिळायची. आता मनालीत पोहे खाऊन निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला जिस्पाला असतो. घड्याळात एक वाजलेला, ऊन स्वच्छ, रस्ता मोकळा. मग गाडीत कोणीतरी म्हणतं, एवढ्यात कशाला थांबायचं, सरचू गाठू. मनाली ते सरचू हा 2,240 मीटरचा चढ एका दिवसात होतो, आणि रात्र तिथेच काढायची असते.

उंचीच्या वैद्यकशास्त्राचा साधा नियम असा: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबावं. दिवसा कितीही उंच जाऊन या, झोपायला खाली या. जगभरचे गिर्यारोहक हा नियम पाळतात. आपण मोटारीत बसलो म्हणून तो आपल्याला लागू होत नाही असं कोणी ठरवलं?

सरचूबद्दल मी एवढ्या तिडिकीने लिहितो, कारण ती रात्र मी काढली आहे.

काही वर्षांपूर्वी ताई, दाजी, मी आणि ही असे चौघे गेलो होतो. एका प्रवास कंपनीने छापील कार्यक्रम हातात दिला होता. मनालीनंतरचा पहिलाच मुक्काम सरचूच्या तंबूत. संध्याकाळी दाजींचं डोकं दुखू लागलं. "उन्हाने असेल," म्हणाले. जेवणाच्या ताटाला हात लावला नाही. मी बॅगेतून शेवचिवड्याचं पाकीट काढलं, ते फुग्यासारखं तट्ट फुगलं होतं. बाहेरची हवा विरळ झाली की आतली हवा पाकीट ताणते. तेव्हा ते हातात धरून आम्ही हसलो. तेच पाकीट आम्हाला सांगत होतं की आपण कुठे येऊन बसलोय.

रात्री एकच्या सुमारास जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबल्याने. दाजींचा श्वास थांबला होता. मी मनात मोजू लागलो. आठ, नऊ, दहा. मग एक मोठा हपापलेला श्वास, पाठोपाठ चार-पाच भरभर, आणि पुन्हा शांतता. पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं की उंचीवर झोपेत श्वास असा अडखळणं अनेकांना होतं आणि तेवढ्याने घाबरायचं नसतं. पण दोन वाजता त्यांना उलटी झाली. तंबूबाहेर नेताना पाय वाकडे पडू लागले. ते मात्र घाबरण्यासारखंच होतं.

आता सरचूची खरी गोम ऐका. उंचीच्या आजारावर पहिला उपाय एकच, खाली उतरणं. आणि सरचूहून खाली उतरायचा रस्ता वर चढून जातो. मनालीकडे निघालात तर आधी 4,890 मीटरचा बारालाचा. लेहकडे निघालात तर गाटा लूप्सची 21 वळणं, त्यावर नकी ला, त्यावर लाचुंग ला. दोन्ही हातांना भिंत आणि मधे आपण. आमचा ड्रायव्हर लाहौलचा होता. त्याने दाजींना एकदा बघितलं आणि एवढंच म्हणाला, "साब, अभी निकलते हैं." पहाटेच्या अंधारात सहाशे मीटर आणखी वर चढून आम्ही बारालाचा ओलांडला. ताई सबंध रस्ताभर दाजींचा हात धरून होती. नऊच्या सुमारास जिस्पाला पोचलो आणि दुपारी दाजींनी आपण होऊन चहा मागितला. त्या चहाइतकी गोड गोष्ट मी त्या प्रवासात दुसरी पाहिली नाही. लेह आम्ही त्या वेळी पाहिलं नाही.

ज्याने तो कार्यक्रम छापला त्याला सरचूची उंची माहीत नव्हती असं मी मानत नाही.

हवेत ऑक्सिजन सगळीकडे 21 टक्केच असतो. उंचीवर हवाच विरळ होते. सरचूला हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम साठ टक्के उरतो, पाच हजार मीटरवर निम्म्याच्या थोडा वर. शरीर याला सरावतं, पण त्याला दिवस लागतात. श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्तातला तोल बदलतात, सारखी लघवीला होते. हे सगळं काम चालू असताना त्याला वेळ द्यायचा असतो. तरुण, तगडा, रोज जिमला जाणारा माणूसही यातून सुटत नाही. उलट तोच दुखणं लपवतो.

आपल्याकडे यावर रुमालात कापराची पुरचुंडी बांधून देतात. कापूर हुंगल्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन त्याने कणभरही वाढत नाही. बाजारात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. त्याच्या भरवशावर वरचा मुक्काम करणं म्हणजे आत्मघात. डायमॉक्स नावाची गोळी खरोखर उपयोगी आहे, पण ती निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यायची. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, इतर औषधं चालू असतील तर ते त्यांना सांगायचं. मित्राने दिली म्हणून गिळायची नाही. दारू आणि झोपेची गोळी पहिल्या रात्री पूर्ण बंद.

आणि एक परीक्षा गाडीतल्या प्रत्येकाने शिकून घ्यावी. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायचं. डोकेदुखी असलेला माणूस यात झोकांड्या खाऊ लागला, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येऊ लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच क्षणी खाली.

मग जायचंच नाही का? जायचं तर. पण रस्ता उलटा फिरवून. गाडीने लेहला वर जायचं ते श्रीनगरकडून. श्रीनगर 1,585 मीटर, पुढचा मुक्काम कारगिल 2,676 मीटर, मग लेह 3,500. वाटेत झोजी ला आहे, तिचा धाक मोठा, पण ती 3,528 मीटरचीच. या रस्त्यावरची सर्वांत उंच खिंड फोटू ला, 4,108 मीटर. झोपायची उंची पायरी-पायरीने वाढत जाते आणि शरीराला कळतसुद्धा नाही. लेहला पोचल्यावर दोन दिवस गाडीची किल्ली घरमालकाकडे ठेवा. नंतर खारदुंग ला ओलांडून नुब्रात उतरा. नुब्रातलं दिस्कित लेहपेक्षाही खाली आहे, त्यामुळे रात्र सुखाची जाते. पँगाँगचा मुक्काम सव्वाचार हजार मीटरवर होतो, तो सगळ्यांत शेवटी. आठवडाभराने मनालीमार्गे उतराल तेव्हा हेच सरचू तुमच्या सरावलेल्या शरीराला फारसा त्रास देणार नाही. जागा तीच, फरक फक्त किती दिवसांनी गाठली याचा.

कोणाला मनालीकडूनच चढायचं असेल तर जिस्पाला दोन रात्री काढाव्यात आणि तिसऱ्या दिवशी पहाटे चारला निघून एका दमात लेह गाठावं. दिवस लांब होतो, दहा-बारा तास सहज जातात, पण झोप 3,200 वरून थेट 3,500 वर येते. मधल्या खिंडी दिवसाउजेडी ओलांडल्या जातात.

पहाटे निघण्याला आणखी एक कारण आहे. रस्त्यावर वरून वाहत येणारे ओहोळ, ज्यांना तिथे सगळे नाला म्हणतात, सकाळी घोट्याएवढे असतात. ऊन चढलं, बर्फ वितळलं की दुपारी त्याच नाल्यात गाडीच्या दारापर्यंत पाणी येतं. टांडीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची. ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ ही तिथली पाटी कित्येकांच्या फोटोत आहे, तिचा धाक अजूनही धरावा. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, हे आपल्या घाटातले जुने ट्रक ड्रायव्हर सांगत आले, ते तिथे शंभर पट खरं आहे. ब्रेकवर पाय ठेवून टांगलांग ला उतरणाऱ्या गाडीचा वास मागच्या गाडीला येतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा आपल्या देशातल्या डोंगरी रस्त्यांचा लेखी नियम आहे, सौजन्य नव्हे. लष्कराचा ताफा दिसला की गाडी बाजूला घेऊन थांबायचं.

आणि रस्त्यावर काम करणारी माणसं दिसली की वेग कमी करायचा. सीमा रस्ते संघटना 1960 पासून हे रस्ते बांधते आहे, राखते आहे. प्रत्यक्ष फावडं ज्यांच्या हातात असतं त्यांतले कितीतरी झारखंडच्या दुमका भागातून आलेले असतात. सखल, उष्ण मुलखातली माणसं. आपल्याला जिथे बुटाची नाडी बांधताना धाप लागते, तिथे ते डांबराची पिंपं हलवतात. त्यांच्या तोंडावर धूळ उडवत ऐंशीच्या वेगाने जाणारी महाराष्ट्राच्या नंबराची गाडी मी पाहिली आणि मला फार लाज वाटली. गाडी माझी नव्हती, पण पाटी माझी होती.

‘लेह मारून आलो’, ‘खारदुंग ला केला’. ही क्रियापदं मला सलतात. खिंड मारायची नसते आणि करायचीही नसते. 5,359 मीटरच्या खारदुंग लावर वर्षानुवर्षं 18,380 फुटांची पाटी होती, मोजणीत ती खिंड 17,582 फूट निघाली. त्या आठशे फुटांनी काय फरक पडतो? पाटीखाली फोटोसाठी अर्धा तास रांग लावणाऱ्याला पडत असेल. दहा मिनिटांत फोटो काढून खाली उतरा, कारण तिथे रेंगाळणं अंगाशी येतं. रेंगाळायच्या जागा वेगळ्या आहेत. गाटा लूप्सच्या मधल्या वळणावर थांबून खालची त्सराप नदी बघा. मोरेच्या पठारावर चाळीसेक किलोमीटर रस्ता जवळजवळ सरळ जातो आणि तिथेच सगळे वेग वाढवतात. तिथे इंजिन बंद करून काच खाली करा. असं निःशब्द पठार आपल्या मुलखात कुठेच नाही. पाण्याची रिकामी बाटली मात्र परत मनालीपर्यंत आपल्याच गाडीत आणा. त्या थंड, कोरड्या हवेत काहीच लवकर कुजत नाही.

बुधवारी तो तरुण पुन्हा आला. चेहरा उतरलेला. "काका, श्रीनगरकडून हिशेब मांडून पाहिला. चौदा-पंधरा दिवस लागतात. मला सुट्टी नऊच दिवसांची आहे."

मी त्याला स्पष्ट सांगितलं, आणि नऊ दिवसांची सुट्टी घेऊन बसलेल्या प्रत्येकाला सांगतो. पुण्याहून गाडीने नऊ दिवसांत लेह होत नाही. बासष्ट वर्षांच्या बाबांना घेऊन तर नाहीच. ते लेह पुढच्या वर्षासाठी ठेव.

"मग या वर्षी?"

या वर्षी भागा नदी बघ, मी म्हटलं. टांडीला चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि पुढे चंद्रभागा होतात. दोघीही बारालाचाच्याच परिसरात उगम पावतात, एक या अंगाला, दुसरी त्या अंगाला, आणि लांबचा वळसा घालून टांडीला भेटतात. संगमापासून भागेच्या काठाकाठाने रस्ता वर जातो. केलाँग, जिस्पा, दारचा, पुढे दीपक ताल आणि खिंडीच्या अगदी खाली सूरज ताल, जिथून भागा निघते. नदीच्या मुखापासून उगमापर्यंत मोटारीने जाता येतं असे रस्ते फार थोडे. तीन दिवसांत मनाली, चौथ्या दिवशी जिस्पा. पाचव्या सकाळी, सगळ्यांना रात्री नीट झोप लागली असेल तरच, पन्नास-साठ किलोमीटर वर बारालाचा. तिथे पाऊण तास, वाटेत सूरज ताल, आणि जेवायला परत जिस्पा. सहाव्या दिवशी मनाली, नवव्या दिवशी घर. बाबांच्या डॉक्टरांची परवानगी त्याआधी. ते नाही म्हणाले तर जिस्पालाच नदीकाठी बसायचं.

चंद्रभागेचं नाव ऐकून त्याच्या आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. ती बुधवारी मुद्दाम बरोबर आली होती. पंढरपूरला वर्षातून एकदा न चुकता जाणारी बाई. "त्या संगमावर गाडी थांबेल ना रे?"

"थांबेल गं," तो म्हणाला, आणि माझ्या हातातलं पेन घेऊन त्याने आठवा रकाना नव्याने भरला. चौथ्या रात्रीसमोर लिहिलं: जिस्पा, 3,200. पाचव्या रात्रीसमोर: जिस्पा, 3,200.